मेल लावणारे साहेब

"मेल वाचायचा नसतो, लावायचा असतो," असं म्हणत ते आपला मॉनिटर दोन्ही हातांनी समोरच्याकडे वळवायचे. समोर कोणीही असो. पाण्याचे जार घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर कंटेनर अडकला म्हणून भांडायला आलेला ट्रेलरचा ड्रायव्हर असो, पडद्यावरची ती रिकामी पांढरी जागा त्याला बघावीच लागे. "बघा. इनबॉक्स. एकही मेल नाही." ड्रायव्हर बिचारा बघायचा आणि विचारायचा, "मग माझ्या गाडीचं काय?"

तुमच्याही ऑफिसात असे एक साहेब होऊन गेले असतील. आमच्याकडचे हे उरणच्या बाजूला, बंदराच्या रस्त्यावर, कंटेनर साठवायच्या आमच्या यार्डात मुख्य कार्यालयाकडून आले. कागदपत्रांच्या विभागाला शिस्त लावायला, असं त्यांच्याबद्दल आधीच कळवलं होतं. मी त्याच विभागात. मागे मिठागरं, पुढे ट्रेलरची रांग, टेबलावर बोट फिरवलं तर धूळ. साहेबांनी आल्या आल्या टेबल पुसून घेतलं आणि शिस्तीला मेलपासून सुरुवात केली.

मेल आला की तो कोणाचा, कशाबद्दल, त्यात कुठला शब्द आहे, हे पाहून कॉम्प्युटरनेच तो आपोआप त्या त्या फोल्डरमध्ये टाकायचा, असे नियम मेलच्या प्रोग्राममध्ये करता येतात. सोय चांगली आहे. साहेबांच्या हाती पडेपर्यंत तरी चांगली होती. त्यांनी 'महत्त्वाचे' नावाचा फोल्डर केला. मग त्यात सगळंच येऊ लागलं म्हणून 'अतिमहत्त्वाचे'. पुढे 'तातडीचे', आणि त्याच्या पोटात 'खरोखर तातडीचे'. या शेवटच्या फोल्डरमध्ये गेलेला मेल पुन्हा कोणी जिवंत पाहिला नाही.

फोल्डरच्या नावापुढे न वाचलेल्या मेलचे आकडे दिसतात, त्यांचाही त्यांना त्रास व्हायचा. मग त्यांनी नियमात आणखी एक खूण केली: मेल फोल्डरमध्ये जातानाच 'वाचला' म्हणून नोंदवायचा. म्हणजे माणसाने वाचायच्या आधीच मेल वाचलेला! या शोधाचा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी आम्हाला त्यांनी वडापाव खिलवला.

मेल मिळत नाही अशी कोणी तक्रार केली, की त्यांची दोन उत्तरं तयार. एक, "सर्व्हरचा प्रॉब्लेम." दुसरं, "तुम्हाला नाही कळायचं." एकदा कंपनीचे संचालक यार्ड बघायला येणार होते. त्यांनी तसा मेल टाकला होता सगळ्या शाखाप्रमुखांना, आणि साहेबांचं नाव होतं प्रतीच्या, म्हणजे सीसीच्या, रकान्यात. ज्यात आपण फक्त प्रतीपुरते आहोत असा प्रत्येक मेल साहेबांनी 'नंतर' या फोल्डरमध्ये पाठवलेला. संचालक दारात उभे राहिले तेव्हा साहेब केबिनमध्ये बोंबलाचं कालवण आणि भात कालवत होते. तसाच बरबटलेला हात मागे लपवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम." संचालकांनी कालवणाच्या भांड्याकडे पाहिलं.

मुख्य कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणारा एक तरुण होता. त्याने फोनवर समजावलं, "साहेब, नियम वरून खाली चालतात. वरच्या नियमात 'इथेच थांबा' अशी खूण केली असेल तर खालचे नियम चालतच नाहीत. तुमचे एकमेकांवर चढलेत." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग पुढचा अर्धा तास त्यालाच नियम कसे करावेत ते शिकवलं.

ते सुट्टीवर गेले की मात्र मजा व्हायची. त्यांचे नियम फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर चालत. तो बंद, म्हणजे नियम बंद. विभागाचा मेलबॉक्स माझ्याही कॉम्प्युटरवर उघडायचा, त्यामुळे सगळे मेल माझ्या पडद्यावर सरळ, एकाखाली एक येऊन पडायचे. मी वाचायचे, उत्तर द्यायचे, कंटेनर सुटायचे. कोणाचं भांडण नाही की कोणाची ओरड नाही. परत आल्यावर साहेब चौफेर नजर टाकून म्हणायचे, "मी घडी बसवून गेलो होतो म्हणून निभावलं." मग पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर चालू करायचा. माझ्या डोळ्यांदेखत मेल पाखरांसारखे भुर्रकन उडून कुठेकुठे जायचे.

यार्डात मात्र ते कधी उतरले नाहीत. कंटेनर उचलणारी ती अवाढव्य मशीनं बाजूने गेली तरी आमच्या काचा थरथरतात. साहेब तेव्हा खुर्चीच्या हाताला धरून बसायचे आणि मशीन दूर गेलं की पुन्हा माऊस हातात घ्यायचे. मी हे बऱ्याचदा पाहिलं होतं. हसूही आलं होतं.

यार्ड सांभाळायचे घरतदादा. पूर्वी स्वतः मशीन चालवलेले, आवाज खणखणीत, इंग्रजी कामापुरतं. एका मशीनचा ब्रेक नीट लागत नव्हता. त्यांनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "तोंडी तक्रार चालणार नाही. मेल करा." मशीन कामावरून काढायची परवानगीही कागदावर, म्हणजे आमच्या विभागातून, साहेबांचीच लागे. दादांनी मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. पुन्हा फोन केला तर साहेब म्हणाले, "केलाय ना मेल? मग तो योग्य जागी गेला असेल." तिसऱ्यांदा मेल केला. ब्रेक कधी लागायचा, कधी नाही. बंदरात जहाज लागलेलं, गेटवर रांग, काम थांबवायला कोणी तयार नव्हतं.

मग एका दुपारी तो लागलाच नाही. नरेश नावाचा मुलगा मशीनवर होता, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मशीन उतारावरून वजनकाट्याच्या केबिनकडे निघालं, आणि केबिनमध्ये आमच्या दोघी जणी बसल्या होत्या. नरेशने मशीन वळवून रिकाम्या कंटेनरच्या थप्पीत घातलं. त्या दोघींना खरचटलंही नाही. नरेशचा उजवा पाय गुडघ्यापासून चेपला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. 'यंत्राबाबत कोणतीही तक्रार आली नव्हती. चालकाचा निष्काळजीपणा.' हे त्यांनी खोटं म्हणून लिहिलं नाही, हे मला सांगायला हवं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इनबॉक्स रिकामा होता ना!

घरतदादा केबिनमध्ये आले ते दार ढकलूनच, आणि त्यांच्यामागोमाग मी. "मी तीनदा मेल केलाय. तीनदा!" त्यांनी मोबाइल साहेबांच्या नाकासमोर धरला. गेलेले मेल त्यात दिसत होते.

"गेले असतील," साहेब म्हणाले. "आले नाहीत. सर्व्हर..."

"सर्व्हर गेला खड्ड्यात! पोराचा पाय गेला तं त्याच्या बायकोला सर्व्हर पोसनार हाय काय?"

साहेबांनी शोधाच्या चौकटीत ब्रेक हा शब्द इंग्रजीत टाकला. काही आलं नाही. "बघा," ते म्हणाले आणि सवयीने मॉनिटर वळवायला लागले. दादांनी तो हातानेच थांबवला. पाठवणाऱ्याच्या नावाने शोधावं तर यार्डातले सगळे एकाच पत्त्यावरून मेल करत, त्यामुळे ढिगाराच समोर आला. मी म्हटलं, "साहेब, उठा. मला बसू द्या." त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. ते उठले.

मुख्य कार्यालयातल्या त्या तरुणाला फोन लावला. त्याने सांगितलं तसं दादांना म्हटलं, तुमच्या मोबाइलवरून एक साधा मेल पाठवा. पाठवला. तो 'यार्ड' फोल्डरमध्ये गेला, जिथे जायला हवा तिथेच. दुसरा पाठवला, त्यात फक्त 'मशीन' हा शब्द. तोही तिथेच. मग म्हटलं, "दादा, तेव्हा जे लिहिलं होतंत तेच लिहा. अक्षर न अक्षर." दादांनी एका बोटाने टाइप केलं. टण् असा आवाज झाला, मेल क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. 'यार्ड'मध्येही नव्हता.

"वरचा कुठला तरी नियम खातोय," फोनवरचा तरुण म्हणाला. "वरून एकेक बंद करत या. प्रत्येक वेळी तोच मेल पाठवा." मी एकेक बंद करत गेले. दादा तेच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत होते. साहेब माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. एक नियम बंद केला आणि मेल 'यार्ड'मध्ये येऊन पडला.

तो नियम सुट्या मालाचा होता. कंटेनरमध्ये न भरता सुटा येतो त्या मालाला आमच्याकडे ब्रेक-बल्क म्हणतात. तो माल घेणं आम्ही केव्हाच बंद केलं होतं, त्याचे उगाच मेल येतात म्हणून साहेबांनी त्यातला 'ब्रेक' हा शब्द पकडून सगळे एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ढकलले होते. हा ब्रेक म्हणजे मोडणे. गाडी थांबवणारा तो ब्रेक इंग्रजीत वेगळा लिहितात. मराठीत दोन्ही ब्रेकच. दादांनी मोडण्याचा ब्रेक लिहिला होता. तिन्ही मेल तिथे होते. वाचलेले म्हणून नोंदवलेले.

साहेबांनी वाकून तिन्ही मेल वाचले आणि म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय."

मला त्या क्षणी त्यांची किळस आली.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. नरेशची बायकोही आली होती, भिंतीला टेकून उभी, बस म्हटलं तरी बसेना. साहेबांनी घसा साफ केला आणि तिथेही तेच सुरू केलं. "मुळात शब्द चुकीचा लिहिल्यामुळे प्रणालीने तो..."

"साहेब," घरतदादा म्हणाले. या वेळी आवाज चढलेला नव्हता. "मशीन थांबत न्हवतं. ते कंच्या स्पेलिंगान थांबत न्हवतं, ते सांगा."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांची नजर त्या भिंतीजवळच्या मुलीकडे गेली आणि तिथेच राहिली. तिला त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं बहुतेक.

"मेल आले होते," ते म्हणाले. "तिन्ही आले होते. मी लावले होते. वाचले नाहीत. त्या मुलाची काही चूक नाही, अहवालात मी लिहिलंय ते काढून टाका." मग अधिकारी काही विचारायच्या आत त्यांनी अहवालाची प्रत स्वतःकडे ओढली, ती ओळ पेनाने खोडली आणि शेजारी सही केली.

एवढं एक वाक्य सरळ बोलायला एका माणसाचा पाय जायबंदी व्हावा लागला. मी त्यांना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. ते वाक्य त्यांनी गिळलं असतं तरी आम्हाला खरं दाखवता आलं असतं, मेल आमच्याकडे होतेच. पण त्यांनी ते स्वतः म्हटलं, आणि त्या मुलीकडे बघत म्हटलं, हेही माझ्या डोक्यातून जात नाही.

नरेशवरचा ठपका गेला, उपचार कंपनीने केले. पाय वाचला पण वाकत नाही. आता तो वजनकाट्यावर बसतो. साहेबांना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं.

शेवटच्या दिवशी निरोप नाही, चहा नाही. कंपनीची गाडी आधीच काढून घेतलेली. त्यांना मोरा बंदरावर जाऊन मुंबईची लाँच पकडायची होती आणि बाहेर ट्रेलरच्या रांगेत रिक्षा येईना. ते गेटजवळ बॅग घेऊन उभे होते. आम्ही खिडकीतून बघत होतो, खाली कोणी गेलं नाही. मीही नाही.

घरतदादा स्कूटर घेऊन निघाले होते. पुढे गेले, थांबले, मागे वळून म्हणाले, "बसा."

साहेब मागे बसले, बॅग मांडीवर. दोन ट्रेलरच्या मधून, खड्डे चुकवत स्कूटर गेली. दुसऱ्या दिवशी मी दादांना विचारलं, "काय बोलले वाटेत?"

"काय बोलनार?" दादा म्हणाले. "ट्रेलर बाजूनं गेला का माझा खांदा गच्च धरायचा. मोऱ्यापत्तूर सोडला न्हाय."