दोनशे चौदा फुलं आणि ओटिलियाबाईची टोपली

ओटिलिया ब्रेम ही बाई मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय अठ्ठ्याहत्तर, जिभेला धार, आणि टोपलीवर सदा फडकं. लपवायचं काही नसेल तर फडकं कशाला?

जर्मनीत फ्रँकोनियातल्या आमच्या गावात दर हिवाळ्यात चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराला सरपणासाठी जंगलाचा एक पट्टा मिळायचा. हेझलची झुडपं बुडापासून तोडायची, ती पुन्हा फुटतात; मोठे ओक राखायचे. ओटिलियाच्या बापाचा हात करवतीत गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून घरची कुऱ्हाड तिच्याकडे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सरपण फोडायला नवरा लागतो होय?"

सतरा वर्षांपूर्वी मीच सह्या गोळा करून ही तोड बंद पाडली. मरियेचा जोडा म्हणतात ते पिवळ्या सपातीसारखं दुर्मिळ फूल लोकांच्या बुटांखाली चिरडतंय, असं माझं म्हणणं. घरोघरी तेलाची शेगडी आली होती, त्यामुळे सगळ्यांनी सही केली. ओटिलियानं माझ्या तोंडावर दार लावलं. सही नाही म्हणून तिच्या घराचा हक्क तेवढा उरला आणि ती आपला पट्टा थोडा थोडा तोडत राहिली.

मला राखणदाराचा बिल्ला मिळाला. दर मे महिन्यात मी बंद जंगलातली फुलं मोजायचो. पहिल्या वर्षी दोनशे चौदा. पुढे एकशे तीस, मग साठ, आणि यंदा अकरा. कुणीतरी रोपं उपटून नेतंय, दुसरं काय? आणि टोपली घेऊन रानात जाणारी गावात एकच.

एकदा मी तिला वाटेत अडवलं.

"ओटिलियाबाई, टोपलीत काय आहे?"

"तुझी अक्कल. सांडली होती वाटेत."

मी फडकं उचललं. रानलसूण.

"आणि खाली?"

"खालीही रानलसूण. घेऊन जा लोरेन्झ, सूप कर. संशय खाऊन पोट भरत नाही."

माझा संशय उलट बळावला. इतका निवांतपणा सरावाशिवाय येत नाही.

शुक्रवारी ग्रामसभेत माझ्याच तक्रारीवरून तिचा तोडीचा हक्क काढून घ्यायचं ठरणार होतं. मला पुरावा हवा होता. गुरुवारी दुपारी मी तिच्या पट्ट्यात घुसलो. तीन हिवाळ्यांपूर्वी तोडलेली जागा. ऊन थेट जमिनीवर, गवत, रानस्ट्रॉबेरी, नावं आठवणार नाहीत इतकी रोपं, आणि मधोमध मरियेचे जोडे. मोजले. शहात्तर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडून उपटून हिनं इथे लावले होते तर.

नुकतं लावलेलं असेल तर मूळ मोकळं असणार. मी गुडघे टेकून एक रोप उकरू लागलो. ते निघेना. हेझलचं अंगठ्याएवढं मूळ त्याच्यावरून वाढून त्याला दाबून बसलं होतं. चाकूनं ते तोडलं तेव्हा कुठे रोप हातात आलं. त्याच्या मुळावर दर वर्षीच्या कोंबाची एकेक खूण असते. तेवीस भरल्या. वरचं ते जाड मूळही काल-परवाचं नव्हतं. म्हणजे रोप इथलंच होतं. वर गच्च सावली असताना वर्षानुवर्षं न फुलता मातीत तग धरून होतं.

"पुरून ठेव आता नीट."

मागे ओंडक्यावर बसून ओटिलिया पाव-सॉसेज खात होती.

"सतरा वर्षं चोराबद्दल ऐकतेय. चेहरा आज पाहिला."

"मी... तपासत होतो."

"तुझ्या त्या जंगलात मान वर करून कधी बघितलंस? आभाळ दिसतं का तिथून? मग फूल काय तुझा बिल्ला बघून उमलणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या जंगलात कुणी काही उपटलं नव्हतं. तिथलं ऊन मीच बंद केलं होतं.

शुक्रवारी अध्यक्षांनी विचारलं, "काय लोरेन्झ, चोर सापडला का?"

"सापडला," मी म्हणालो, आणि माझं नाव सांगितलं. बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

मागच्या बाकावरून ओटिलिया म्हणाली, "ते राहू दे. चिठ्ठ्या कधी टाकताय ते बोला. एकटीच्यानं किती तोडून होणार?"