बाबांची छऱ्याची बंदूक

आई गेल्यापासून बाबांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे एका रविवारी जेवता जेवता ते म्हणाले, "मला एक छऱ्याची बंदूक घ्यायचीय," तेव्हा मी ताटातला हात थांबवून नुसती बघत राहिले.

कारणही त्यांच्याकडे तयार होतं. टिटवाळ्याच्या त्यांच्या तळमजल्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. आईने तिथे अळू, कर्दळ, हळद असं काय काय लावलं होतं. ती गेल्यावर तिथे घुशी शिरल्या. कंदच्या कंद खाऊन टाकत, आणि बिळं तर अशी करत की कंपाउंडची भिंत एका बाजूने कललीच. पिंजरा लावून झाला, औषध घालून झालं. औषधाने कोपऱ्यावरचं मांजर गेलं, तेव्हापासून बाबा औषधाला हात लावेनात.

बंदूक त्यांना नवीन नव्हती. संगमेश्वरकडच्या गावात त्यांच्या काकांकडे अशी एक होती. शाळा सुटली की ती खांद्याला लावून ते काकांबरोबर होले, लावे असले पक्षी, क्वचित ससा मारायला जायचे. डोंबिवलीत रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते सगळं मागे राहिलं. आता रानातल्या होल्याला हात लावणंही गुन्हा आहे हे आम्हा भावंडांना लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं. तरी आमच्या गॅलरीसमोरच्या तारेवर होला बसला की ते चहा पिता पिता एक डोळा बारीक करायचे.

माझी काळजी वेगळी होती. बाबा विसरायला लागले होते. गॅसवर दूध ठेवून बाहेर जायचे. एकच गोष्ट तासाभरात दोनदा विचारायचे. एकदा कल्याणला बँकेत जायला म्हणून निघाले आणि विठ्ठलवाडीला जाऊन बसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. यातलं मी कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. पुण्याला भावाला फोन केला तर तो म्हणाला, घेऊ दे की, तेवढाच त्यांचा जीव रमेल, आणि त्यातल्या साध्या बंदुकीला परवानाही लागत नाही. मलाही वाटलं, आईनंतर पहिल्यांदाच त्यांना काही हवंसं वाटतंय.

कल्याणच्या दुकानात मात्र मी बाबांना ओळखेनाशी झाले. दुकानदाराने आधी चकचकीत, दुर्बीण लावलेली बंदूक पुढे केली. बाबांनी ती बाजूला सारली. घूस हाकेच्या अंतरावर असते, तिला दुर्बीण कशाला, म्हणाले. मग एक काळी, जड, जोरकस बंदूक उचलली. या बंदुकांची नळी मधून मोडून खाली दाबायची असते, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली जाते. बाबांनी दस्ता मांडीवर टेकवला, नळी धरली आणि जोर लावला. नळी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी पुन्हा श्वास घेऊन दाबली. मनगट थरथरायला लागलं. दुकानदार पाठ फिरवून फळीवरची खोकी सरळ करत राहिला, आणि मी त्याची मनातल्या मनात आभारी झाले. बाबांनी नळी सावकाश वर सोडली आणि म्हणाले, "हलकी दाखवा."

हलक्यांमधूनही त्यांनी घाईने घेतली नाही. नळी बंद केल्यावर हलते का ते चाचपलं. मग एकेक बंदूक डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. मी विचारलं, तर म्हणाले, डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा खिळा, आपसूक मागच्या खाचेत आलेली दिसली तर ती आपल्या अंगाची, नाहीतर जन्मभर मान वाकडी करून नेम धरायचा. चौथी की पाचवी त्यांच्या अंगाची निघाली. छऱ्यांचा डबाही उघडायला लावला, काचेवर छर्रे घरंगळवले, ज्यांचा घेर चेपलेला होता तो डबा परत केला.

दुकानदाराने माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, काकांना सांगा, पक्ष्यांवर नाही हां. फॉरेस्टवाल्यांनी पकडलं तर बंदूकही जाते आणि माणूसही."

"मला ऐकू येतं," बाबा म्हणाले.

पुढचे काही आठवडे बरे गेले म्हणायचे. रविवारी मी डोंबिवलीहून गेले की बाबा जुन्या धोतराचं फडकं पसरून बंदूक घेऊन बसायचे आणि मला शिकवायचे. टिटवाळ्याची हवा ओली, हाताच्या घामाचा ठसा राहिला तरी लोखंड गंजतं, म्हणून ठेवण्याआधी तेलाच्या बोटाने पुसायची. पण तेल नळीच्या मागच्या भोकात जाऊ द्यायचं नाही, तिथे पेट घेतं आणि स्प्रिंगची वाट लागते. दस्त्याचे स्क्रू दर खेपेला तपासायचे, ते हादऱ्याने सैल होतात. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताणलेली बंदूक कधी तशीच ठेवायची नाही. एक तर स्प्रिंग मरते, आणि दुसरं म्हणजे ताणलेली बंदूक माणसाच्या लक्षातून जाते.

घुशी खरंच कमी झाल्या. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन आभार मानून गेले. मी मात्र रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना फोन करायचे आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचे, बंदूक कपाटात आहे ना? किल्ली कुठाय? मागच्या जागेत मुलं खेळायला तर येत नाहीत? बाबा चिडायचे नाहीत. मला तेच जास्त खुपायचं. पूर्वीचे बाबा चिडले असते.

एका रविवारी घरात शिरले तर जळकट वास. बाबांनी मागच्या जागेत एक छर्रा उडवला होता आणि नळीतून धूर आला होता. मी तेलाची बाटली बघितली, ती जवळपास संपलेली. बंदूक दस्त्यापर्यंत चिकट झाली होती. मी विचारलं, रोज तेल घालताय का? ते म्हणाले, छे, गेल्या रविवारी आपण घातलं तेवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलण्याचा लवलेश नव्हता. मी फडक्याने नळी पुसत राहिले आणि ठरवलं की पुढच्या आठवड्यात रजा टाकून डॉक्टरांकडे न्यायचं.

तो पुढचा आठवडा यायच्या आत, एका दुपारी, ठाण्याला ऑफिसात असताना बाबांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला तर आवाज दुसऱ्याच माणसाचा.

"ताई, हे म्हातारबाबा तुमचं कोन? नदीच्या अंगाला आमच्या भाजीच्या वाडीवर बसल्यान. बंदूक हाय त्यांच्याकडं. उठत पन नाय आनि कोनाला हात पन लावू देत नाय."

मी आधी पर्स उचलली. मग विचारलं, कुणाला लागलंय का? तो म्हणाला, तसं काय दिसत नाय, पन मी आत्ताच आलो. सकाळपासून इथंच बसल्यात म्हनं. हा फोन पन त्यांनीच दिला, बोलले की मुलीला लावा.

ठाण्याहून टिटवाळ्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. पोलीस. फॉरेस्टवाले. कुणाचं तरी पोर, एक डोळा हाताने दाबलेला. तो 'तसं काय दिसत नाय' का म्हणाला, 'नाही' का म्हणाला नाही? परत फोन लावावा आणि दुसरंच काही ऐकावं लागलं तर, म्हणून लावलाही नाही. स्टेशनवरून रिक्षा केली. रस्ता संपला तिथे रिक्षावाल्याने सोडलं, पुढे बांधावरून चालत गेले. ऑफिसची चप्पल चिखलात रुतत होती.

बाबा बांधावर पाय सोडून बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, जणू बँकेत निघालेत. बंदूक मांडीवर आडवी, नळीचं तोंड नदीकडे, आणि दोन्ही हात ती हलू नये म्हणून घट्ट धरलेले. शेतकरी जरा लांब उभा होता. वाडीत दोन बायका मेथी खुडत होत्या आणि अधूनमधून मान वर करून बघत होत्या.

मी जवळ जाऊन बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"होला होता तारेवर," ते हळूच म्हणाले. "मी ताणली. एवढं आठवतंय. मग छर्रा घातला की नाही, ते आठवत नाही. मारली की नाही, तेही नाही. त्या बायका तिकडेच आहेत गं. मी मारली असेल तर?"

"कुणाला काही झालेलं नाही, बाबा."

"तुला काय माहीत?"

ते खरं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. मी उठून त्या बायकांकडे गेले, विचारलं. त्यांनी काही ऐकलं नव्हतं, त्यांना काही लागलं नव्हतं. एकीने तर उलट विचारलं, बाबांना पाणी देऊ का. मी परत आले आणि त्यांना सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"मग ताणलेली आहे ती आत्ता," मी म्हटलं. "द्या माझ्याकडे."

"उडेल."

"चापाला हात नाही लावणार. नळी मोडून बघते, छर्रा आहे का."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना भलतंच काही सुचवतेय. नळी उघडली की आत छर्रा आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. इतका वेळ ते त्या बंदुकीला धरून बसले होते आणि ही साधी गोष्ट त्यांना सुचली नव्हती. मला रडायला आलं, पण रडायची ती वेळ नव्हती. मी एकेक करत त्यांची बोटं सोडवली. ती गार पडली होती. नळी नदीच्या बाजूला ठेवून, दस्ता मांडीला टेकवून, नळी घट्ट धरून मोडली. मग वाकून आत बघितलं.

छर्रा आत होता.

"आहे, बाबा. मारलेली नाहीये तुम्ही."

त्यांनी वाकून स्वतः बघितलं. पुन्हा बघितलं. मग मी नळी बंद केली, शेतकऱ्याला मागे व्हायला सांगितलं आणि बांधाखालच्या मऊ चिखलात नेम धरून चाप ओढला. आवाज अगदी लहान झाला. बाबा तरी दचकले.

घरी परत येताना मला एक विचार सोडेना: याच्या आधी एखादा छर्रा उडवला असेल तर? तारेवर आता होला नव्हता. मी बांधाच्या दोन्ही बाजूंना बघत चालले. पिसं दिसली नाहीत, काही दिसलं नाही. पुढचे कितीतरी दिवस टिटवाळ्याहून कुठलाही फोन आला की मी पहिल्याच रिंगला उचलायचे.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आम्हाला भीती होती तेच नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. भाऊ पुण्याहून आला. बंदूक आपण गुपचूप नेऊन विकू, बाबांना कळायलाच नको, असं त्याचं म्हणणं. ती काय रोज त्यांच्या लक्षात राहणार आहे, म्हणाला. मी तयार होत होते. पण आम्ही स्वयंपाकघरात बोलत असताना बाबा दारात येऊन उभे राहिले. "मी घेतली, मी परत देणार," एवढंच म्हणाले.

म्हणून आम्ही दोघं पुन्हा कल्याणला गेलो. बाबांनी आदल्या दिवशी बसून बंदूक पुसली. मी शेजारी बसून होते, तेल दुसऱ्यांदा घ्यायला लागले की बाटली सरकवत होते. दुकानदाराने बंदूक उलटसुलट करून बघितली, नळीतून उजेडाकडे पाहिलं, ठेवलीय चांगली म्हणाला. मग विचारलं, काय झालं काका, पसंत नाही पडली?

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. घर लहान आहे, सोसायटीने हरकत घेतली, असलं काही.

"पसंत आहे," बाबा म्हणाले. "माझं हल्ली विसरायला होतं. भरलेली आहे की नाही ते आठवत नाही. अशा माणसाकडे बंदूक असू नये."

हे त्यांनी इतकं सरळ आमच्यापैकी कुणासमोर, डॉक्टरांसमोरसुद्धा, कबूल केलं नव्हतं. दुकानदाराने बंदूक काउंटरवर ठेवली. मग काउंटरमागून बाहेर येऊन त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येईपर्यंत दोघं दस्त्याच्या लाकडाबद्दल बोलत होते. सागाचा बरा की आक्रोडाचा.

बाबा आता डोंबिवलीला आमच्याकडे असतात. तिसऱ्या मजल्यावर. मी ऑफिसला जाताना गॅसचा मेन कॉक बंद करते, गॅलरीच्या दाराला कडी घालते, जिन्यात उतरून परत वर येते आणि कडी ओढून बघते. दुपारी सोबतीला असणाऱ्या बाईंना फोन करते. त्या म्हणतात, झोपलेत. मी विचारते, आत जाऊन बघितलंत का?