गेटापर्यंत गेलेला डबा

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत कुणाचंच घर एकट्यानं बांधलेलं नाही. गावाकडं पेरणीला सावड असते. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. इथं ना रान होतं ना बैल, सगळेच कुठून कुठून आलेले. मग सावड विटा-वाळूची. कंपनीला सुट्टी असली की एका घराचं काम धरायचं आणि घरटी एक माणूस यायचा. ज्याचं काम, त्याच्याकडं जेवण. एखाद्याला ड्यूटीमुळं येता आलं नाही तर त्याचा वाटा डब्यात घालून ठेवायचा. ड्यूटी म्हणजे काही कामचुकारपणा नव्हे, असा गल्लीचा न्याय.

मी आठवीतून शाळा सोडलेला, किनवटकडचा. इथं रक्ताचं कुणी नव्हतं. बायकोला दिवस गेले होते आणि भाड्याची खोली गळत होती, तेव्हा या माणसांनी तीन सुट्ट्यांत माझ्या दोन खोल्या उभ्या करून दिल्या. छपराचे पत्रे चढवताना कुणाचा तरी तळहात कापला. तो चिंधी बांधून पुन्हा चढला. मी खाली उभा राहून नुसता बघत होतो. हे फेडायचं कसं, ही काळजी तेव्हापासून लागली.

फेडायची वाट सरळ होती. चार-पाच घरांना मी गेलोही. मग डोक्यात एक किडा शिरला. सहा दिवस कंपनीचे, सातवा गल्लीचा, मग माझा दिवस कोणता? तेवढ्यात पाळी आली समोरच्या मावशीची. मावशी कन्नड तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मेंढरं विकून नवऱ्यासोबत आली, नवरा वारला, लेक सासरी गेली. मजुरी करून एकटी राहायची. तिची मागची भिंत नव्यानं उचलायची होती.

सावडीचं सगळं आमच्या गल्लीतले मिस्त्री ठरवत. आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन मी म्हणालो, "उद्या माझी ड्यूटी लागली."

"सुट्टीच्या दिवशी?"

"नवीन मशीन बसवायचंय. चार जणांना बोलावलंय."

"लई मोठा झालास की रे," मिस्त्री हसले. "सायबाला म्हणावं, आमचा माणूस हाय, सांभाळून वापरा."

त्यांना शंकासुद्धा आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

सकाळी रोजच्यासारखा कंपनीचा शर्ट घालून निघालो आणि शहागंजच्या बाजारात उतरलो. माझा दिवस. दुकानांतले रेडिओ बघितले, चपला बघितल्या. एका हॉटेलात पुरी-भाजी खाल्ली, तीही रस्त्याकडं पाठ करून, कारण गल्लीतलं कुणी बाजाराला आलं तर? दोन चहा झाले. बोलायला माणूस नाही. शेवटी शेवटी तर मी दिवस कधी संपतो याचीच वाट बघत होतो. शिफ्ट सुटायच्या वेळेचा अंदाज धरून घरी आलो.

बायको दिवसभर मावशीकडं भाकरी थापून आली होती. पुढ्यात डबा ठेवत म्हणाली, "अवो, मावशी तुमच्या कंपनीच्या गेटापर्यंत गेल्या होत्या की. सुट्टीचं कँटीन बंद असंल, उपाशी राहील म्हणाल्या. वॉचमननं डबा आत घेतला नाय म्हणं. आता तरी खा."

तीन भाकरी, पिठलं, ठेचा. पोटात पुऱ्या तशाच. बायको समोर बसलेली. मी शेवटचा घास खाईपर्यंत ती उठली नाही.

गेटाला त्या दिवशी कुलूप होतं, हे मला माहीत होतं. मावशीला कुणी काय सांगितलं असेल, ते दुसऱ्या दिवशी वॉचमननंच ऐकवलं. "काल एक म्हातारी डबा घेऊन आली होती तुझ्या नावानं. म्हटलं, आज आत चिटपाखरू नाय. तरी लिंबाखाली बसून राहिली. बराच वेळ बसली. मग म्हणली, आता जाते."

तिथं का बसली असेल, हे मला मशीनवर उभं असताना उमगलं. लगेच परत फिरली असती तर गल्लीनं विचारलं असतं, एवढ्यात कशी आलीस? तिच्या घराची भिंत उचलली जात होती, वीस माणसं राबत होती, आणि ती माझं खोटं झाकायला बंद गेटासमोर बसली होती. मी शहागंजमध्ये दिवस घालवला, तिनं माझ्यापायी तिचा घालवला.

त्या संध्याकाळी मी तिच्या दारात गेलो. म्हणालो, "भिंतीला पाणी कोण मारतंय?"

"मीच. मिस्त्री म्हणत्यात चौदा दिस मारायचं, सकाळ-संध्याकाळ. नायतर तडकंल."

"मी मारतो."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बादली पुढं सरकवली.

मग शिफ्टच्या आधी आणि शिफ्टनंतर हापशावरून बादल्या आणायच्या आणि भिंत वरपासून खालपर्यंत भिजवायची. जाणारा-येणारा थांबायचा. मिस्त्री म्हणायचे, "ड्यूटी करून एवढं करतोय, बघा." तेव्हा मान वर होत नसे. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज मावशी चुलीपुढून काहीतरी दुसरंच विचारायची, गावाकडं आई कशी हाय, बायकोला उलट्या थांबल्या का.

चौदाव्या दिवशी डबा परत न्यायला घेतला. रिकामा डबा देऊ नये म्हणून बायकोनं त्यात गुळाचा खडा टाकला. तो मावशीच्या हातात दिला आणि म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी..."

"गूळ चांगला दिसतोय," ती म्हणाली. झाकण लावलं. "पुढच्या सुट्टीला मिस्त्रीच्या मेव्हण्याचं छप्पर हाय. तुझी ड्यूटी नाय ना?"

"नाय."

"असली तरी सांग बाबा. गेट लई लांब पडतं."

मिस्त्रींनी सांगितलेलं पाणी मारून झालं होतं. तरी हापशावर गेलो आणि आणखी एक बादली भरून आणली.