धुळ्याच्या सरांनी काय सांगितलं

गावात मला अजून नकलांची फर्माईश होते. हळदीला, गणपतीत, कुणाच्या ओट्यावर चार पोरं जमली की सुरू. "भो, ते धुळ्याना सर कर ना!" मी तहसीलदार करून दाखवतो, एसटीचा कंडक्टर करतो, आमचे नाना भाषणात पाणी पितात तसं पिऊन दाखवतो. सर करत नाही. पोरांना वाटतं मी भाव खातो. वाटू दे.

आमचं गाव धुळ्याहून शिरपूरला जाताना हायवेवरून आत उतरलं की लागतं. एका अंगाला तापी आणि बाकी सगळीकडून नाला. नाल्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे नाल्याच्या तळातून गेलेला सिमेंटचा रस्ता. पाणी कमी असलं की खालच्या नळ्यांतून जातं, जास्त झालं की वरून. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की तापी फुगते, नाला उलटा भरतो, फरशी बुडते आणि आमच्या गावाचं बेट होतं. मास्तर पलीकडच्या काठावर अडकतात, पोरं खूश. पण ज्या घरात बाई दिवसांत असेल, ते घर पाऊस लागायच्या आधीच तिला शिरपूरला कुणाकडे तरी नेऊन ठेवतं. आमच्या अक्काची सून अशीच गेली. नातू झाला तेव्हा अक्कानं त्याचं तोंड मोबाइलवर पाहिलं, आणि पाणी उतरेपर्यंत मोबाइलवरच पाहत राहिली.

अक्का म्हणजे माझी काकू. सगळं गाव तिला अक्काच म्हणतं. बाईची जागा निघाली म्हणून ती सरपंच झाली. सुरुवातीला लोक कामं घेऊन काकांकडे यायचे. काका म्हणायचे, "माले काय विचारस? मी आते चहा देवाना माणूस शे." हळूहळू लोक अक्काकडे यायला लागले. कामं सांगायचे तिला, पण ऐकायचे नानांचं. नाना म्हणजे आधीचे सरपंच. पांढरी टोपी, खर्जातला आवाज, मला करायला एकदम सोपे.

मग एका सोलर कंपनीनं ग्रामपंचायतीचा माळ भाड्यानं घेतला आणि बऱ्याच वर्षांचं भाडं एकदम भरलं. ग्रामपंचायतीच्या खात्यात एवढा पैसा कुणी कधी पाहिला नव्हता. नाना म्हणाले, कमान बांधू. हायवेपासून आत येणाऱ्या रस्त्यावर, दोन हत्ती, वर लाइटिंग, गावाचं नाव मोठ्या अक्षरांत. शेजारच्या गावानं बांधली होती ना. अक्काला फरशी उंच करायची होती. ती नानांना म्हणाली, "कमान बांधा, अन् तिना खालतून डोंगी चालाडा." लोक हसले, पण कमानीच्याच बाजूनं हसले.

अक्का मला म्हणाली, "मन्हं बोलनं यासले घरनं वाटस. बाहेरना कोनी शिकेल माणूस आन." तेव्हा मला सर आठवले. मी धुळ्याला कॉलेजात असताना ते एकदा व्याख्यानाला आले होते. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एका लांबच्या, छोट्या बेटाच्या देशाला त्याच्या पैशांबद्दल सल्ला देणारी बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती होती, तिच्यावर ते काही वर्षं होते. व्याख्यानात काय सांगितलं ते मला आठवत नव्हतं, पण आवाज पाठ होता. आधी बारीक खोकला, मग चष्मा काढायचा, मग "असं बघा" आणि मध्ये एवढी जागा सोडायची की तेवढ्यात एखादा माणूस चहा पिऊन येईल.

सर तयार झाले. अट एकच. "सत्कार नको. अर्धा तास बोलू द्या." अक्कानं फोनवर शब्द दिला.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी त्यांना धुळ्याहून बाइकवर घेऊन आलो. गाडी करतो म्हटलं तर नको म्हणाले. नरडाण्याला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "सर, त्या बेटाला तुमची काय गरज? त्यांच्याकडं शिकलेले लोक नव्हते का?"

"होते की. आमच्याहून हुशार होते. पण असं बघा, आम्हाला तिथं मत नव्हतं, जमीन नव्हती आणि भाचा नव्हता. म्हणून मंत्र्याला खरं सांगायला आम्ही."

"मग ऐकलं त्यांनी?"

"छापलं. छान छापलं. गुळगुळीत कागदावर. माझ्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली, मुलींनी नाच केला. मग बोलायला दहा मिनिटं उरली." त्यांनी बशी खाली ठेवली. "मासेमारीच्या परवान्यांचा पैसा होता. त्यातून एक मोठी काचेची इमारत बांधली. नंतर तिची काच पुसायलाही पैसे नव्हते म्हणे."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणून मी हसणं थांबवलं, पण मनातल्या मनात "म्हणे" चा सूर पकडून ठेवला. सवयच तशी.

गावात पोचलो तर शाळेपुढं मांडव, सतरंज्या, अख्खं गाव हजर. आणि टेबलावर शालींची चळत. अक्काचा चेहरा बघूनच कळलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी नको म्हनी व्हती. नाना म्हनतस, सरना सत्कार नई करानं? गावनी काही इज्जत शे का नई?"

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. नानांनी शाल घातली की डेअरीच्या चेअरमननं घालायलाच पाहिजे, नाहीतर त्याचा अपमान. चेअरमननं घातली की भजनी मंडळ. मग तरुण मंडळ. बचत गटाच्या बायका म्हणाल्या, आम्ही काय आकाशातून पडलो? बुद्धविहाराच्या मंडळींनी शालीऐवजी एक पुस्तक दिलं, आणि सरांनी तेवढंच उघडून पाहिलं. प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते. आणि अक्काला तर कमानीविरुद्ध यांच्यातल्या प्रत्येकाचाच हात हवा होता. ती कुणाला खाली बस म्हणणार? सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी नावं भराभर घेतली, टाळ्या आधीच वाजवायला लावल्या, एकाच्या भाषणात मुद्दाम माइक बंद पाडला. त्यानं माइकशिवाय चालू ठेवलं.

सर शालींमध्ये इतके गुंडाळले गेले होते की फक्त चष्मा दिसत होता. ऑगस्टची ती उमस. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं.

शेवटी मी म्हटलं, आता सर मार्गदर्शन करतील. सर उठले, खोकले, चष्मा काढला. "असं बघा..." आणि तेवढ्यात ग्रामसेवक भाऊसाहेबांचा फोन वाजला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. ज्याला पलीकडं जायचं त्यानं लगेच निघावं. भाऊसाहेब इथंच मुक्कामी होते, पण सरांची रात्रीची गोळी घरीच होती, सोबत काही आणलं नव्हतं. मांडवात एकच आवाज, सरांना आधी पलीकडं पोचवा. गावाची पाहुण्यावर खरंच माया होती. सर माइकवर एवढंच म्हणाले, "आभारी आहे."

मी त्यांना बाइकवर बसवलं. फरशीवर पाणी नुकतं चढायला लागलेलं. पलीकडं चेअरमनच्या भावाची गाडी उभी होती, ती त्यांना धुळ्याला सोडणार होती. गाडीत बसता बसता ते थांबले आणि म्हणाले, "तू सांग त्यांना. सांगतो, ऐक." आणि नाल्याच्या काठावर उभं राहून त्यांनी ते अर्ध्या तासाचं पाचेक मिनिटांत सांगितलं. मग विचारलं, "राहील लक्षात?"

"सर, खोकल्यासकट."

मी माघारी आलो. पाणी सायलेन्सरला लागत होतं. मांडवात लोक अजून बसलेले. मी माइक घेतला. माझ्या आवाजात सांगावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं कोण ऐकणार? गावातला नकल्या मी. सरांचं म्हणणं सरांच्याच तोंडून यावं म्हणून मी खोकलो, नसलेला चष्मा काढला आणि म्हटलं, "असं बघा..."

पहिली शिट्टी तिथंच.

मी थांबलो नाही. हा पैसा एकदम आला म्हणून तो एका वर्षाचा होत नाही. दरवर्षी थोडा उचला, बाकी बँकेत राहू द्या, तो तुमच्या नातवांचाही आहे. जे बांधाल त्याला पुढं दरवर्षी खायला लागतं, कमानीच्या दिव्यांचं बिल कोण भरणार ते आज ठरवा. आणि पहिला खर्च तिथं करा, जिथून तुमचं येणं-जाणं चालतं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मध्ये मध्ये त्यांच्यासारखी जागा सोडली. त्या प्रत्येक जागेत हशा. भजनी मंडळातले एक आबा तर डोळे पुसत होते. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. पोरं ओरडली, "आजून एक डाव! आजून एक डाव!"

नाना उठले. टेबलावर एक शाल उरली होती, ती त्यांनी माझ्या खांद्यावर घातली. "वा रे पठ्ठ्या! हुबेहूब!" टाळ्या. त्याच टाळ्यांमध्ये भाऊसाहेबांनी विषय वाचला, आणि कमानीला हात वर झाले. बचत गटाचेही झाले. अक्काचा हात मांडीवर होता.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "पोचवलंस का रे?"

"हो सर. शब्दन् शब्द."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

सर म्हणाले, "बरं."

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापाशी जाऊन बसलो, शाल अजून हातात. ती वर न बघता म्हणाली, "त्या नेमकं काय सांगी ग्यात, ते सांग. त्यासना आवाज नको."

मी सांगायला लागलो आणि अडखळलो. सरांचा आवाज काढून टाकला तर मला वाक्यंच जुळेनात. कसंबसं सांगितलं. ते फार थोडं निघालं.

"इतलंच?"

"इतलंच."

तिनं तांदळात बोटं फिरवली. "हाई तर माले माहीत व्हतं," ती म्हणाली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तांदळाचं ताट उचलून आत गेली, आणि माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं की घरात होतं तेच आणायला आम्ही धुळ्यापर्यंत कशासाठी गेलो होतो.

कमानीचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. एक हत्ती शेजारच्या गावातल्यापेक्षा मोठा पाहिजे म्हणून खर्च वाढला, मग लाइटिंगनं वाढला, मग उद्घाटनानं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत अक्का स्वतः उभी राहिली. माइक मी तिच्या हातात दिला, तिनं तो परत माझ्याकडं दिला. तिनं आपल्या बोलीत सगळं सांगितलं. पैसा एकदम उना तरी तो बठ्ठा एक सालना नई. बांधेल वस्तूले दरसाल खाले लागस. सुनेचं सांगितलं, मोबाइलवर पाहिलेल्या नातवाचं सांगितलं. ते सरांच्या सल्ल्यात नव्हतं. हात हलवला नाही, आवाज चढवला नाही. सतरंजीवर कुणी हललं नाही. पोरंसुद्धा. नाना टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि ते खोटं नव्हतं. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरतो, मला कळतं.

ती खाली बसली तेव्हा डेअरीचे चेअरमन म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, "अक्का, हाई तू आगोदर काबर नई सांगं?"

खात्यात तोवर कंत्राटदाराचं शेवटचं बिल भागेल एवढंच उरलं होतं. भाऊसाहेबांनी वहीचं पान उलटलं आणि विचारलं, पुढचा विषय घेऊ का?

"घ्या," अक्का म्हणाली.