ज्वारीत टांगलेली प्रकरणं

नांदेडच्या स्टेशनावर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पुण्यापासून वरच्या बर्थवर खडखडणाऱ्या पंख्याशी भांडत आल्यामुळे माझा पारा चढलेला होता. एरवीही माझा धंदा असा, की आनंदाच्या प्रसंगी मला कुणी बोलावत नाही. कंप्युटरमधल्या सगळ्या फायलींना कुणी परक्यानं कुलूप घातलं आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकली, की माझा फोन वाजतो.

या वेळचं बोलावणं रहीमभाईंच्या छापखान्याचं होतं. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातलेले रहीमभाई दारातच उभे होते. तीन पिढ्यांचा छापखाना. लातूरला डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या क्लासेसना तेजी आली, तशी यांचीही यंत्रं दिवसभर धडधडू लागली. आज मात्र सगळं चिडीचूप होतं.

“आमच्या आपरेटरनं पेपर समजून उघडला हो, मॅडम,” ते म्हणाले. “‘अर्जंट करेक्शन’ लिहून मेल आलता. परीक्षेच्या दिवसांत असले पन्नास येतात.”

“दुसरी प्रत ठेवली होती का?”

“हाय की!” त्यांनी अभिमानानं कंप्युटरला जोडलेली डिस्क दाखवली. काढली तर परत लावायचं विसरतो, म्हणून वर्षभर ती काढलीच नव्हती. अर्थात तिलाही कुलूप लागलं होतं. मी कपाळाला हात लावला. खंडणी देऊन फायली सुटतीलच याचा भरवसा नसतो, हेही सांगून टाकलं.

रहीमभाई स्टुलावर बसले. बाकीच्यांचं निभावता येईल, पण बिराजदार सरांचं जीवशास्त्राचं पुस्तक त्यात होतं. सरांनी अकरा वर्षं लिहिलेलं, प्रत्येक आकृती हातानं काढलेली. पंधरा दिवसांत ते लातूरच्या मुलांच्या हातात पडायचं होतं. सरांचा रोज फोन यायचा आणि रहीमभाई रोज “काम चालू हाय” म्हणायचे.

“त्यातलं काही या छापखान्याबाहेर कधी गेलंय?” मी विचारलं.

“सरांनी हातानं लिहिलेली पानं टाइप झाली की रद्दीत जायची. प्रकरण झालं की सर सीडी मागून घ्यायचे. मी यष्टीनं पाठवायचो. पण त्यांच्या घरी कंप्युटरच न्हाई! आम्ही हसायचो मागं. फेकल्याबी असतील.”

सीडीवर एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. बाहेरच्या कुलूपवाल्यालाही नाही. मी म्हटलं, “उठा, लातूरला जाऊ. फोनवर नको, समोरच सांगा.”

लोहा, अहमदपूर करत लाल गाडी चालली होती. चाकूरच्या अलीकडे ती पंक्चर झाली आणि मला तरी ते पथ्यावर पडलं, कारण रस्त्याकडेला एक बाई धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थालीपिठासारखे) आणि दही घेऊन बसली होती. मी तीन खाल्ले. रहीमभाईंनी एकाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

पलीकडे ज्वारी कणसांनी भरली होती आणि तिच्यावर काहीतरी लखलखत होतं.

“ते काय चमकतंय?”

“जुन्या सीड्या. दोरीला बांधतात, पाखरं भितात,” रहीमभाई म्हणाले, आणि त्यांचा चेहराच उतरला. “मॅडम, सरांचंबी शेत हाय.”

पुढच्या प्रवासात आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायचं टाळत होतो.

सरांचं घर लातूरच्या कडेला, शेताला लागून. सिमेंटच्या घराशेजारी पत्र्याची एक खोली. साठीचे सर अंगणात उत्तरपत्रिका तपासत होते. रहीमभाई बसलेच नाहीत. “सर, तुमचं पुस्तक माझ्याकडून गेलं,” एवढं म्हणून मान खाली घातली.

सरांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाले, “आधी पाणी प्या.”

नंतर त्यांनी आम्हाला पत्र्याच्या खोलीत नेलं आणि लोखंडी पेटी उघडली. रहीमभाईंच्या अक्षरातली पाकिटं एकावर एक रचलेली होती. सव्वीस प्रकरणांची चोवीस. सर पुन्हा मोजू लागले.

“दोन न्हाईत.”

दारातून त्यांचे धाकटे भाऊ चाचरत म्हणाले, “दादा, मी कोऱ्या समजून नेल्या. पाखरं लई झालती.”

मग आमची वरात ज्वारीत शिरली. पांढऱ्या कुर्त्यातले रहीमभाई पुढे, त्यांच्यामागे विळा घेतलेले भाऊ, शेवटी चपलेत ढेकूळ गेल्यानं लंगडणारी मी. दोन्ही सीड्या सापडल्या. ओट्यावर बसून माझ्या लॅपटॉपवर एकेक लावून पाहिली. पेटीतल्या चोवीसही उघडल्या. शेतातली एक कुरकुरत का होईना उघडली, दुसरी उन्हानं पार गेली होती.

“ते प्रकरण मी परत लिहितो,” सर म्हणाले. “भूकंपात गावाकडचं घर पडलं, त्यात आई गेली अन् माझ्या सगळ्या वह्या गेल्या. आईला परत लिहून काढता आलं न्हाई. वह्या काढल्या. तवापासून जपायची वस्तू एका छपराखाली ठेवत न्हाई.”

गावोगावी हीच गोष्ट मी पडद्यावर आकृत्या दाखवून शिकवते, त्याची मला लाज वाटली.

रहीमभाईंनी डोळे पुसले. “सर, माझ्या प्रेसची एक डिस्क ठेवाल का पेटीत? दर शनिवारी यष्टीनं पाठवतो.”

सरांनी पेटीतली गोधडी काढून भावाच्या हातात दिली. “झाली जागा,” म्हणाले.

दोन दिवस लागले. छापखान्याचे कंप्युटर मी कोरे करून उभे केले, सरांनी लिहिलेलं प्रकरण आलं, आणि सकाळी यंत्रं धडधडू लागली तेव्हा रहीमभाईंनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. परतीच्या गाडीत मी अहवाल लिहायला बसले. त्यात एक रकाना असतो, दुसरी प्रत कुठे ठेवावी. तिथे आजवर मी यंत्रांचीच नावं लिहीत आले. या वेळी माणसाचं नाव लिहिलं आणि फार बरं वाटलं.