ओरडायला जागा

डहाणू रोड स्टेशनबाहेर झाई गावची एक मासेवाली बसते. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक काही बोलायच्या आत ती माशाचे कल्ले उघडून दाखवते. परवा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. एका ऑनलाइन दुकानात बर्फाची पेटी निम्म्या किमतीत होती. तिची पेटी फुटली होती, उन्हात मासे नासत होते.

"बाई, पैसे पाठवू?"

मी वाचलं. पैसे आधीच भरायचे होते. पत्ता, फोन नंबर कुठेच नव्हता.

"पेटी आलीच नाही तर कुणाला धरशील?"

ती हसली. "माझा एक मासा खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी तू इथे येऊन ओरडतेस. याच्यावर ओरडायला जागाच नाय!"

मी ओरडते, हे खरंच आहे.

तिने मोबाइल ठेवला आणि फुटकी पेटी ओल्या गोणपाटात घट्ट गुंडाळली.