जुना पेशा, नवा नियम

इथे हिंदी मुलखात, जवाहर नगरात आमच्या वरच्या मजल्यावर विमा कंपनीतले एक अधिकारी राहतात. दर रविवारी दुपारी ते आम्हा चौघांना जमवून फाशांचा खेळ खेळवतात. त्यात प्रत्येकजण कल्पनेतला योद्धा, वैद्य किंवा जादूगार होतो. मूळचे सांगलीचे, पण वाक्यावाक्याला त्यांचं 'मतलब' येतंच. फासा टाकण्याआधी चष्मा पुसतात आणि नियमांबाबत कुणाचंही ऐकत नाहीत.

त्यांचं नियमांचं पुस्तक फार जुनं. त्यानुसार माणसाने पेशा बदलला, की नव्यात तरबेज होईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या मोहिमेचे सगळे गुण जातात. माझी योद्धा वैद्य झाली होती. गेल्या रविवारी सोबत्याला वाचवायला तिने तलवार उपसली.

"गेले गुण," ते म्हणाले.

"जाऊ देत. बँकेत लागल्यावर माझी कबड्डी अशीच गेली," मी हसत म्हणाले. "जिल्ह्याकडून खेळायचे मी."

ते उठले. मग आतून नवं, कोरं पुस्तक घेऊन आले.

"मतलब, वहिनी, नियम केव्हाच बदललाय. आता कुणीही पुढच्या पायरीला दुसरा पेशा घेऊ शकतो. पहिला सोडावा लागत नाही. मीच हे उघडत नव्हतो. चुकलं माझं."

त्यांनी मला पूर्ण गुण दिले.

सोमवारी बँकेतून परतताना कॉलनीच्या मैदानावर मुली कबड्डी खेळत होत्या. रोज मी नुसती बघून पुढे जाते. त्या दिवशी पर्स बाकावर ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, "मैं भी खेलूँ?"